कोणता शब्द आधी निसटतो

फार लांबची गोष्ट आहे मुलांनो, पण अगदी खरी. जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर, १९०१ सालचा नोव्हेंबर महिना. रेल्वेतला एक कारकून आपल्या बायकोला तिथल्या मनोरुग्णालयात घेऊन आला. तिचं नाव आउगुस्टे, वय अवघं ५१. घर टापटीप ठेवणारी बाई; पण अलीकडे तिचा स्वयंपाक बिघडायला लागला होता, घरातल्या वस्तू ती कुठेतरी लपवून ठेवत होती आणि नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्याशी बोलायला आले. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? ती थबकली, म्हणाली, मला वाटतं आउगुस्टेच. दुपारी तिच्या पानात फ्लॉवर आणि मांस होतं. काय खाताय, विचारलं तर म्हणाली, पालक. मग डॉक्टरांनी तिला पेन्सिल, किल्ली, सिगार अशा साध्या वस्तू दाखवल्या. त्यांची नावं तिनं बरोबर सांगितली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, मघाशी मी काय काय दाखवलं? तिला काहीच सांगता येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी तेही टिपून ठेवलं.

त्या डॉक्टरांचं नाव आलोइस अल्झायमर. पुढे १९०६ मध्ये आउगुस्टे वारली. त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेला गाळ दिसला. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला तुम्हाला थांबवायचंय ते त्या पेन्सिलपाशी. पेन्सिल म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं, तो शब्दही तिच्याजवळ होता. ‘ही पेन्सिल मी आत्ता पाहिली’ एवढंच काय ते आत शिरलं नव्हतं. असं का झालं, ते शोधायला माणसांना पुढची कित्येक वर्षं लागली आणि त्या शोधातलं मुख्य हत्यार होतं साध्या शब्दांची यादी.

कागद-पेन्सिल घ्या दोघंही. मी दहा शब्द वाचतो, सावकाश, दोन सेकंदांना एक. डॉक्टर वापरतात त्या याद्यांतले शब्द मी मुद्दाम घेत नाही. ते पाठ झाले की परीक्षेत काही अर्थ राहत नाही, म्हणून ते चारचौघांत सांगायचे नसतात. हे माझे शब्द: कंदील, विहीर, गूळ, पोस्टमन, चटई, मोर, कात्री, डोंगर, ताक, खिडकी.

निनाद, तू लगेच लिही, कसल्याही क्रमानं. मुक्ता, तू लिहायचं नाहीस अजून. शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्यानं म्हण, मी घड्याळ बघतो. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, हां, चालू दे. बास, अर्धं मिनिट झालं. लिही आता.

आणा बघू कागद. निनादनं पहिल्यांदा लिहिलंय खिडकी, मग ताक, मग डोंगर. त्यानंतर कंदील, विहीर आणि मोर. म्हणजे शेपटाकडचे शब्द त्यानं आधी उतरवले, मग डोक्याकडचे आठवले, आणि मधले बहुतेक गळाले. मोर राहिला, कारण मोर दिसायला देखणा. मुक्ताचा कागद बघा आता. कंदील, विहीर, गूळ, मोर आणि लोणी! लोणी मी म्हटलंच नव्हतं, पण ताक होतं. तिच्या कागदावर ना खिडकी, ना ताक. शेवटचे शब्द सगळे पुसले गेले, सुरुवातीचे मात्र जागच्या जागी.

अमेरिकेत मरे ग्लँझर आणि अनिता कुनिट्झ या दोघांनी १९६६ मध्ये हेच करून पाहिलं होतं. यादी ऐकल्यावर अर्धं मिनिट आकडे मोजायला लावले की शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा होतो, सुरुवातीच्या शब्दांना धक्काही लागत नाही. म्हणजे यादीची दोन टोकं डोक्यात दोन निराळ्या रीतींनी राहतात. शेवटचे शब्द अजून कानात घुमत असतात, लगेच उचलले तर मिळतात, लक्ष दुसरीकडे गेलं की गेले. सुरुवातीच्या शब्दांचं तसं नाही. कंदील ऐकल्यावर तू मनात काय म्हणालीस, मुक्ता? कंदील. मग कंदील, विहीर. मग कंदील, विहीर, गूळ. पाचव्या शब्दापर्यंत दम संपला आणि मधले शब्द नुसतेच कानावरून गेले. पण घोळून घोळून म्हटलेले पहिले शब्द आत पोचले आणि मुक्कामाला राहिले.

आत म्हणजे कुठे? दोन्ही कानांच्या जरा वर, पण खूप आत, मेंदूत एक वळलेला भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचं काम काय, ते एका माणसाच्या फार दुःखाच्या गोष्टीतून कळलं. हेन्री मोलेसन त्याचं नाव. त्याला फिट्सचा भयंकर त्रास होता. १९५३ मध्ये अमेरिकेत, वयाच्या २७व्या वर्षी, त्याचा हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकण्यात आला. फिट्स कमी झाल्या. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, लहानपणच्या आठवणीही बऱ्याचशा शाबूत. पण नवीन म्हणून काही राहीना. तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, तरी त्याच्या लेखी त्या दर वेळी नव्यानंच आलेल्या. एखादा आकडा सांगितला आणि त्याला सारखा मनात घोळवू दिला, तर तो टिकवायचा. मध्येच दुसरं काही विचारलं की आकडा तर जायचाच, कुणी आकडा सांगितला होता हेही जायचं. शेवटच्या शब्दांची सोय त्याच्याजवळ होती, पहिल्या शब्दांची नव्हती.

आता पुन्हा आउगुस्टेच्या मेंदूतल्या गुंत्यांकडे या. जर्मनीतल्याच हायको आणि एफा ब्राक या नवरा-बायकोनं कितीतरी मेंदू तपासून १९९१ मध्ये दाखवलं, की हे गुंते कसेही, कुठेही उगवत नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते. ते सुरू होतात हिप्पोकॅम्पसच्या अगदी तोंडाशी, जिथून माहिती आत जाते तिथे. मग आत शिरतात आणि नंतर बाकीच्या मेंदूवर पसरतात. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. एवढा मोठा आजार, आणि त्याचं पहिलं पाऊल नेमकं तिथे पडतं, जिथून ‘आत्ता’ आत जातं.

म्हणून यादीत किती शब्द आठवले, यापेक्षा कोणते आठवले हे बघायचं असतं. वय झालं की सगळ्यांचेच शब्द कमी होतात, माझेही झालेत. पण निरोगी म्हाताऱ्याच्या यादीत दोन्ही टोकं दिसतात. अल्झायमर झालेल्या माणसाला यादी संपल्या संपल्या विचारलं, तर शेवटचे दोन-तीन शब्द तो नीट सांगतो. सुरुवातीचे शब्द मात्र गेलेले असतात. निनादच्या कागदाचं डोकंच नाहीसं व्हावं, तसं. आणि वीस मिनिटांनी विचारलं तर पुष्कळदा काहीच उरलेलं नसतं. दाविदे ब्रूनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणखी पुढचं सांगितलं. साठीच्या पुढची, तपासणीत धडधाकट ठरलेली माणसं त्यांनी घेतली. थोडा वेळ जाऊ दिल्यावर ज्यांना यादीतले सुरुवातीचे शब्द कमी आठवत होते, त्यांचीच बुद्धी पुढच्या काळात जास्त ढासळलेली दिसली. कागदावर एरवी सगळं ठीक होतं. पण पहिले शब्द हळूच निघून जायला लागले होते.

एकदाच वाचून भागत नाही हं. जिनिव्हामध्ये एदुआर क्लापारेद यांची पंधरा शब्दांची यादी होती. ती पुढे आंद्रे रे यांनी घेतली आणि पाच वेळा वाचायची पद्धत घातली. दर वेळी वाचायचं, दर वेळी विचारायचं. निरोगी माणूस चढत जातो. आधी सहा, मग आठ, मग दहा-अकरा. शिवाय तो नकळत शब्दांच्या जोड्या लावतो. विहिरीजवळ डोंगर ठेवतो, गुळाशेजारी ताक. मग मध्ये एक दुसरीच यादी घुसवायची, आणि शेवटी परत पहिली यादी विचारायची. लगेच एकदा, आणि वीस-तीस मिनिटांनी पुन्हा. अल्झायमरमध्ये चढ जवळजवळ नसतोच. पाचव्या वेळीही माणूस पहिल्या पायरीच्या आसपास. आणि दुसऱ्या यादीतले शब्द पहिलीत येऊन बसतात, कधी कुठल्याच यादीत नसलेलेही. मुक्ताचं लोणी एकच होतं आणि त्याला ताकाचं निमित्त होतं, त्याची काळजी नको. पण असे पाहुणे शब्द वाढत गेले आणि ते आपण ऐकलेच होते अशी त्या माणसाची पक्की खात्री असली, की डॉक्टरांचे कान टवकारतात.

निरोगी म्हातारपण आणि अल्झायमर यांच्या मधे एक अवस्था असते. तिला डॉक्टर ‘सौम्य बोधनऱ्हास’ म्हणतात. माणूस बँकेत जातो, स्वयंपाक करतो, पत्ते खेळतो, पण विसर वयाच्या मानानं जास्त पडायला लागलेला असतो आणि तो घरच्यांनाही जाणवतो. मेयो क्लिनिकमधले रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये ही अवस्था नीट मांडली. या अवस्थेतल्या माणसांच्या यादीचं वागणं फार बघण्यासारखं असतं. पाच वेळा वाचताना ही माणसं चढतात, जरा धापा टाकत का होईना. पण वीस मिनिटं गेली की कमावलेलं बरंचसं सांडून गेलेलं असतं. स्मृतीच्या दवाखान्यांत येणाऱ्या अशा माणसांपैकी दर वर्षी साधारण १० ते १५ टक्क्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडवणारा स्मृतिभ्रंश होतो; अल्झायमर हा त्यातलाच एक. बाकीच्यांतले काही आहेत तिथेच राहतात आणि काही चक्क पूर्ववत होतात. म्हणून एका यादीवरून कुणाच्या कपाळावर शिक्का मारायचा नसतो.

आता मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, तो सांगतो. मुक्ता, तुझ्या कागदावर मधला एक शब्द राहिला ना? मग ऐक, यादीत जमिनीवर अंथरायचं काहीतरी होतं. आलं की नाही लगेच? आणि निनाद, घरोघर जाऊन काहीतरी देणारा एक होता. पोस्टमन! म्हणजे हे शब्द आत होते. माळ्यावर ठेवलेली वस्तू हाताला लागत नव्हती, कुणीतरी ‘डाव्या कोपऱ्यात बघ’ म्हटल्यावर लागली. पण वस्तू माळ्यावर गेलीच नसेल, तर कुठल्या कोपऱ्यात बघ म्हणून सांगणार?

न्यूयॉर्कच्या एलेन ग्रोबर आणि हर्मन बुशके यांनी १९८७ मध्ये याच मुद्द्यावर एक परीक्षा बांधली. ती फार विचार करून बांधली आहे. कागदावर एकदम चारच गोष्टी दाखवायच्या आणि विचारायचं, यातलं फळ कोणतं? माणूस बोट ठेवून म्हणतो, द्राक्षं. यातलं वाद्य कोणतं? असं करत करत सोळा. म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं, ऐकूच आलं नाही, असं पुढे म्हणायला जागा नाही. शब्द त्याच्या समोरून, त्याच्या तोंडून गेलेला आहे. मग आधी आपणहून आठवू द्यायचं, आणि जे राहील त्याला तीच खूण द्यायची, एक फळ होतं बघा. म्हातारपणाचा साधा विसर असेल, मन खिन्न असेल, किंवा पार्किन्सनसारखा आजार असेल, तर खूण दिल्यावर शब्द पुष्कळदा परत येतो. अल्झायमरमध्ये खूण देऊनही येत नाही, किंवा द्राक्षांच्या जागी केळं येतं. अगदी काटेकोर भिंत नाही ही, डॉक्टर इतरही तपासण्या करतात. पण ‘सापडत नाही’ आणि ‘ठेवलंच गेलं नाही’ यांतला फरक नुसत्या शब्दांनी इतका जवळून दिसावा, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा मावशीआजी आली होती तेव्हा ती निनादला सारखं विचारत होती, ‘जेवलास का रे?’ आणि तू म्हणालास, ‘अगं, आत्ताच सांगितलं ना!’ राग येऊन नाही म्हणालास, ठाऊक आहे मला. पण बघ, तू सांगितलेलं उत्तर तिच्या माळ्यावर चढलंच नव्हतं. तिच्या लेखी तिनं एकदाच विचारलं. लोक चटकन म्हणतात, म्हातारचळ लागलाय, साठी बुद्धी नाठी. मला ते ऐकवत नाही. जिला तुझ्या जेवणाची काळजी आहे, तिची बुद्धी नाठी कशी?

आणि घाईनं निदान करणाऱ्यांचाही मला राग येतो. ऐकू कमी येत असेल, तर यादी डोक्यात जाणार कशी? बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, झोप नसेल, जोडीदार गेल्यामुळे मन उदास असेल, तरी शब्द गळतात, आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. शाळेचीही गोष्ट आहेच. हरियाणातल्या बल्लभगड भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी डिमेन्शियाची पाहणी करायचं ठरवलं, तेव्हा पुढ्यात बसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांनी शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. वाचा, लिहा म्हणणारी परदेशी परीक्षा त्यांना लावली असती, तर निम्मं गाव आजारी ठरलं असतं. म्हणून त्यांनी ती हिंदीत नव्यानं घडवली, लिहिण्या-वाचण्यावाचून देता येईल अशी, आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. आज आपल्या देशात पंचेचाळिशीच्या पुढच्यांची जी मोठी पाहणी चालते, तिच्यातही दहा शब्द वाचून विचारतात. त्याच पाहणीतून निघालेल्या अभ्यासानं २०२३ मध्ये अंदाज दिला, की भारतात साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या माहीत आहेत ना? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून, सोबत्यांना घेऊन लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या कुठल्या वहीत नव्हत्या, बायकांच्या गळ्यात होत्या. अक्षर न गिरवलेली बाई पहाटे ओवीमागून ओवी गात असे, एकीच्या शेवटातून दुसरी निघे. तिला दहा सुटे शब्द विचारले तर ती अडखळेल, कारण शब्द असे सुटे तिनं कधी वापरलेच नाहीत. आणि डिमेन्शियाच्या सुरुवातीला तिला सकाळी काय खाल्लं ते सांगता येणार नाही, पण ओवी येईल. नवं आधी जातं, जुनं मागाहून, हे फ्रान्सच्या तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

काही गोष्टी तर माळ्याला वळसा घालून आत जातात. ते पंधरा शब्दवाले क्लापारेद आठवतात ना? त्यांच्याकडे एक बाई होती, नवं काहीच न राहणारी. डॉक्टरांना ती रोज नव्यानं भेटायची. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. ती कळवळली आणि थोड्याच वेळात सगळं विसरली. मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तर तिनं आपला हात झटकन मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, एवढंच म्हणाली. १९११ मध्ये त्यांनी हे लिहिलं. आज असं टोचायला कुणी देणार नाही आणि देऊही नये. हेन्रीचं बघा. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघत चांदणीच्या कडेनं पेन्सिल फिरवायला लावलं. फार अवघड असतं ते, हात उलटाच जातो. तीन दिवस सराव झाला, दिवसागणिक चुका घटत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईनं फिरत होता, आणि आपण हे पूर्वी कधी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

असंही दिसलं आहे, की अशा माणसांना अंदाजानं उत्तर द्यायला लावलं, तर चुकीचं उत्तरच आत मुरतं. चूक झाली होती हे त्यांना आठवत नाही, पण चूक तेवढी राहते. बॅडली आणि विल्सन यांनी हे १९९४ मध्ये दाखवलं. त्यापेक्षा बरोबर उत्तर आपणच आधी द्यावं आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यावं. आपल्याकडे मात्र येणारा प्रत्येक जण म्हाताऱ्या माणसापुढे उभा राहून विचारतो, ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’

तेव्हा रविवारी मावशीआजीकडे जाल, तेव्हा असलं काही विचारायचं नाही. आत शिरतानाच सांगायचं, ‘मावशीआजी, मी मुक्ता, सुधाची मुलगी, आणि हा निनाद, माझा भाऊ.’ तिनं परत विचारलं तर परत सांगायचं, पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात. मग तिच्याजवळ बसून शेंगा सोलायला घ्यायच्या; ते तिच्या हातांना येतं, तुमच्यापेक्षा भरभर येतं. आणि हो, तिच्या कानातलं यंत्र चालू आहे की नाही, ते सगळ्यांत आधी बघायचं.